तोफेतलं घंगाळ

"तोफ आम्ही ओतली, म्हणजे ती आमचीच," धाकट्या राजांचा सरदार म्हणाला.

"लढाईत आम्ही ती जिंकली," थोरल्या राजांचा सरदार गुरगुरला. दोघा भावांची यादवी मिटली होती, पण मागे राहिलेली पितळी तोफ कुणाची, हे चावडीवर काही केल्या मिटत नव्हतं.

तानूबाई पदर खोचून पुढे झाली. "ओतली कशाची? घरोघरची भांडी नेलीत. माझं घंगाळ आहे त्यात. तोफ कुणाचीही असो, पितळ आमचं."

"म्हातारे, तू कुठल्या बाजूची?" निवाड्याला बसलेल्या कारभाऱ्यांनी विचारलं.

"माझा थोरला लेक हैबती तोफेमागं होता, आणि धाकटा सिदू तोफेपुढं."

कारभाऱ्यांनी तोफ वितळवायला लावली. ज्याचं पितळ त्याला मिळालं.

हैबती लढाईवरून आला तो गोठ्यातच बसून होता, घरात पाऊल टाकत नव्हता. तानूबाई पितळ घेऊन तांबटाकडे गेली.

"घंगाळ केवढं करू? आता लेक एकच," तांबट चाचरत म्हणाला.

"होतं तेवढंच कर. लहानपणी दोघं एकदम बसायचे त्यात. आणि लवकर दे. हैबतीला भावाच्या सुतकाची आंघोळ घालायची राहिलीय."