नव्या खुंट्या

शेवटचा स्क्रू निम्म्यात अडला आणि रॉयसने हात थांबवला. मोहरीएवढा तो स्क्रू, जरा जास्त पिळला की तुटणार, आणि मग अर्धा लाकडात राहणार. त्याने तो हळूच उलटा फिरवून काढला, साबणाच्या वडीवर घासला आणि पुन्हा लावला. या वेळी मुकाट आत गेला. सहाच्या सहा नव्या खुंट्या गिटारवर बसल्या.

"अजून इथेच?" नेल्डा स्वयंपाकघराच्या दारात बूट घालून उभी होती. "तिकडे हॉलवर माणसं नाचायला उभी असतील. आज काय साबण वाजवणार आहेस?"

"झालं, झालं. जुन्या खुंट्या सटकत होत्या, त्याला मी काय करू? शनिवारी हॉलमध्ये गिटार सुरात असते, आणि रविवारी चर्चमध्ये पियानोशेजारी बसलं की खाली. एका रात्रीत उतरते!"

"इतकी वर्षं नाही सटकल्या त्या?"

"म्हाताऱ्या झाल्या."

"हं," एवढंच म्हणून नवऱ्याकडे न बघता ती बाहेर गाडीत जाऊन बसली.

ते 'हं' रॉयसला झोंबलं. त्याला व्हर्जिल आठवला. व्हर्जिल नेल्डाचा भाऊ, बँडमध्ये फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायचा. वय झालं, कान गेले, फिडल बेसूर व्हायला लागली. तेव्हा भर स्टेजवर, सगळ्यांच्या देखत रॉयसनेच त्याला सुनावलं होतं, "कान गेले की माणसानं घरी बसावं, व्हर्जिल." व्हर्जिल घरी बसला. फिडलची पेटी त्याने परत कधी उघडली नाही. नेल्डाने तो सबंध हिवाळा नवऱ्याचं ताट त्याच्यापुढे आपटलं होतं.

म्हणून गेले कित्येक दिवस रॉयस मनातल्या मनात देवाला एकच साकडं घालत होता: दोष खुंट्यांचाच असू दे.

त्याने तारा ओवल्या, ताणल्या आणि कानाने सूर लावला. सूर लावायला यंत्र वापरणाऱ्यांची तो जन्मभर टिंगल करत आला होता. बँडमध्ये रॉयसने एक तार छेडायची आणि बाकीच्यांनी तिच्यावर आपापली वाद्यं मिळवायची, हीच रीत. पण आज त्याने खण उघडला. नाताळात नातीने दिलेला चिमट्यासारखा ट्यूनर अजून वेष्टनातच होता. तो गिटारला लावून त्याने पहिली तार छेडली.

काटा डावीकडे गेला. सूर खाली.

दुसरी तार. डावीकडे. तिसरी, चौथी, सगळ्या तारा डावीकडे, आणि सगळ्या सारख्याच. खुंटी सटकली तर एखादी सटकेल, फार तर दोन. सहाच्या सहा, त्याही नव्या कोऱ्या, अगदी मापून सारख्याच कशा सटकतील? खुंट्यांनी काहीच केलं नव्हतं. त्याचे कान उतरले होते.

बाहेरून नेल्डाने हॉर्न वाजवला.

त्याने घाईघाईने काट्याच्या हुकमाप्रमाणे तारा चढवल्या. त्याच्या कानाला त्या आता किंचाळल्यासारख्या वाटत होत्या. वाटू देत. व्हर्जिलला जे ऐकवलं ते आपल्याला कुणी ऐकवायला नको. ट्यूनर त्याने खिशात लपवला आणि गाडी गाठली.

ऑगस्टच्या उन्हात माजी सैनिकांच्या हॉलचे पंखे नुसते गरम वारा ढवळत होते. बाकीचा बँड स्टेजवर तयार होता.

"आले बघा नवरदेव!" बेसवाला हॉइट ओरडला. "वरात कुठे अडली?"

ऑर्विल कोपऱ्यात खंजिरी घेऊन उभा होता. एके काळी त्याची हार्मोनिका, म्हणजे माउथ ऑर्गन, ऐकायला लोक तीन गावांवरून यायचे. वसंतात त्याने ती अचानक ठेवून दिली. विचारलं तर म्हणे, दात हलतात. रॉयसने त्याला उन्हाळाभर छळलं होतं, "दात हलतात, आणि मक्याची कणसं बरी करकरा खातोस!" ऑर्विल नुसता हसायचा.

"उशीर झाला म्हणून आम्ही सूर लावून ठेवलेत," फिडलवाली वर्लीन म्हणाली. "तुझा काय असतो तो माहीतच आहे. कर सुरू."

रॉयसला हायसं वाटलं. सर्वांसमोर सूर द्यायची वेळ टळली. त्याने पाय आपटून ताल दिला आणि सगळ्यांनी एकदम सुरुवात केली.

कावळे भांडावेत तसा गलबला झाला. जोडपी जागच्या जागी थबकली. रॉयसच्या कपाळावरून घाम ओघळला. सापडलो, त्याला वाटलं. आता कुणीतरी तेच वाक्य बोलणार, आणि बोललं तर निमूट ऐकून घ्यायचं. तो मान खाली घालून उभा राहिला.

शेवटी त्याने वर पाहिलं. वर्लीन आणि हॉइट चोरी करताना पकडल्यासारखे एकमेकांकडे बघत होते. मग वर्लीनने, लाल झालेल्या चेहऱ्याने, फिडलच्या खुंट्या पिळायला घेतल्या. हॉइटनेही. तारा खाली आणायला नव्हे. दोघंही आपले सूर वर चढवत होते, यंत्राच्या काट्याने सांगितलं होतं तिथे.

रॉयस बघतच राहिला. किती शनिवार हे सगळे त्याच्यासाठी खाली उतरून वाजवत होते?

कोपऱ्यात ऑर्विलने खंजिरी खुर्चीवर ठेवली. शर्टाच्या खिशातून हार्मोनिका काढून बाहीला पुसली. हार्मोनिकेला खुंट्या नसतात. तिचा सूर कुणासाठी उतरवता येत नाही.

"दात?" रॉयसने कसंबसं विचारलं.

"आज बरे आहेत," ऑर्विल म्हणाला, आणि त्याने हार्मोनिका ओठांना लावली.