पाचवा तारा

सामन्याच्या मध्यंतराची शिट्टी झाली, तशी अर्लीन फॉन्टनो पायऱ्या चढून थेट हार्लन टीगच्या शेजारी येऊन बसली. उकडलेल्या शेंगांचा पुडा तिनं मांडीवर ठेवला. त्याच्यापुढे केला नाही. बाई भांडायला आलीय, हे हार्लननं तेव्हाच ओळखलं.

असल्या आया त्याला नव्या नव्हत्या. एका वेबसाइटसाठी अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या शाळकरी पोरांना एकापासून पाचपर्यंत तारे द्यायचे, हा त्याचा धंदा. ते तारे बघून मोठमोठी कॉलेजं पोरांच्या दारात उभी राहत. लुइझियानाच्या या ऊसपट्ट्यात तर पाळण्यातल्या पोराचेसुद्धा तारे मोजले जात.

"कॉर्डेलची आई मी," ती म्हणाली. "चार दिलेत तुम्ही त्याला."

"चार म्हणजे थोडे नव्हेत, बाई."

"द्यायच्या आधी त्याला पळताना पाहिलं होतंत?"

हार्लननं घसा खाकरला. कुठं कुठं म्हणून जायचं माणसानं, असं काहीसं तो बोलला. मग त्यानं आपलं ठरलेलं उत्तर काढलं: खाण तशी माती. इथल्या जमिनीत पोरं उसासारखी वाढतात. इथला पोरगा म्हटला की निम्मं काम झालेलंच असतं.

"म्हणजे गाव बघून देता."

"गावाला नाव आहे, बाई."

"गाव पळत नाही, साहेब. पोरगा पळतो."

हार्लन हसला. ती हसली नाही. तिनं बहिणीची गोष्ट काढली. बहीण लग्न करून दूर उत्तरेला, मोंटानाच्या बर्फात गेली. तिचा आमोस कॉर्डेलच्याच वयाचा, त्याच्याच बांध्याचा. दर उन्हाळ्यात तो मावशीकडे येतो आणि दोघं उसाच्या कडेच्या बांधावर शर्यत लावतात. पुढे कोण जातं ते ती बोलली नाही; हार्लननंही विचारलं नाही. आमोसला दोनच तारे होते, आणि तेही हार्लनच्याच वेबसाइटनं दिलेले.

"तिथे खेळतात तरी कुणाविरुद्ध?" तो म्हणाला. "आणि बर्फात बघायला जातंय कोण?"

"माझा थोरला आठवतो? रॉयस?"

"न आठवायला काय झालं. त्यालाही चार मीच दिले होते. मोठ्या कॉलेजात गेला तो. सध्या कुठे असतो?"

"घरी. कठडा धरून जिना चढतो."

हार्लन हळहळला. खेळ म्हटला की हे चालायचंच, म्हणाला.

खाली बँड थांबला. पोरं हेल्मेटं चढवत मैदानात उतरू लागली, आणि कॉर्डेलच्या नावानं अख्खी गॅलरी गर्जली. अर्लीन उठली ती खाली जायला नव्हे. ती हार्लनच्या पुढ्यातच उभी राहिली. मागच्या म्हाताऱ्यानं टोमणा मारला, "देऊन टाका हो बाईला तो पाचवा, आम्हाला खेळ तरी दिसेल." सगळे खिदळले. ती जागची हलली नाही.

"रविवारी त्या मोठ्या कॉलेजची माणसं माझ्या सोफ्यावर येऊन बसणार," ती म्हणाली. "तुमच्या आकड्यावर भुलून. त्याआधी तो आकडा नीट करा. दोन्ही पोरं सारखी आहेत, दोघांना सारखेच तारे द्या. तोवर मी इथून हलत नाही."

खेळ सुरू झाला. माणसं ओरडू लागली. हार्लननं हात टेकले आणि खिशातून फोन काढला.

"हे बघा, कॉर्डेलला पाचवा देता येईल, त्यात काही अवघड नाही. पण मोंटानाच्या पोराला दोनाचे चार केले, तर माझी नोकरी जाईल."

"त्याचे वाढवा असं मी कुठे म्हटलं?" अर्लीन म्हणाली. "कॉर्डेलचे दोन काढा."