रांगेतली घागर

लातूर नवा जिल्हा झाला, उदगीरच्या पाट्या बदलल्या; नळ मात्र कोरडेच. बायको पार्वतम्मा टँकरच्या रांगेत घागर ठेवून नंबर धरायची आणि रेवणसिद्ध सर शाळेत स्पेनच्या राजवटीचा पडता काळ शिकवायचे. भिंतीवरच्या चित्रात राजवाड्यासमोर भुकेल्यांची रांग होती.

“राजानं दार आतून लावून घेतलं, पोरांनो,” सर म्हणाले आणि थबकले.

चित्रातल्या रांगेच्या शेवटी माणूस नव्हता, पितळी घागर होती. काठावर कोरलेलं नाव: पार्वतम्मा. लग्नात आलेली, त्यांच्याच घरची.

सर दाराकडे धावले. उघडं ठेवलेलं वर्गाचं दार बंद होतं. पलीकडे पुष्कळ माणसांची कुजबुज.

“अहो, उघडा की! लई येळची उभी हाय,” पार्वतम्माचा आवाज आला.

सरांनी कडीसाठी दार चाचपलं. दाराला आतून कडीच नव्हती.