दुसरा ठोका

चर्चच्या मागच्या लाकडी प्रार्थनाखोलीला कुलूप लावायचं काम आत्याचं. तिला ऐकू येत नसे, म्हणून तिने एक शक्कल काढली होती. दुपारी ती बाहेरून दारावर तळहात टेकवून उभी राहायची. आतून एक ठोका जाणवला, तर त्याचा अर्थ 'थांब, येतेय.' दोन ठोके म्हणजे 'उद्यापर्यंत एकांत हवाय, लाव कुलूप.'

त्या दुपारी आत एकटी तिची भाची होती. घरीदारी सगळे तिला बडबडीच म्हणत. बडबडीने बाक पुसले, फडकं खांद्यावर टाकलं आणि ऐटीत दारावर एक ठोका दिला.

लगेच मागे, शेवटच्या बाकावर, दुसरा पडला. त्याने लाकडी दारही हादरलं.

"अगं बाई! तुला आणि एकांत?" बाहेर आत्या हसली. "पाच मिनिटं तोंड बंद राहत नाही तुझं! बरं, बस हो."

किल्ली फिरली.

"आत्या, मी एकच दिला गं!" बडबडी जिवाच्या आकांताने ओरडली. पण आत्यापुढे ओरडून काय होणार? तिने पुन्हा दारावर हात मारला, एकदाच. मागून पुन्हा जोड मिळाली. या वेळी मधल्या बाकावरून.

"हो गं, कळलं! किती वेळा सांगशील?" आत्याची पावलं लांब गेली.

बाक सगळे रिकामे होते. बडबडीने दोन्ही हात काखेत दाबून धरले. काही झालं तरी आता ठोकायचं नाही.

तिच्या अगदी पाठीमागच्या बाकावर ठोका पडला.

या वेळी एकच.