डावं चाक

“ताई, डावं चाक रोज कुठेतरी आपटलंय. म्हणून गाडी डावीकडे ओढतेय,” टायरच्या झिजलेल्या कडेवरून बोट फिरवत मिस्त्री म्हणाला. “कोण चालवायचं?”

“बाबा. महिना झाला त्यांना जाऊन.”

चाळीस वर्षं गाडी चालवूनही फुटपाथचा अंदाज येत नाही, म्हणून ती बाबांना किती चिडवायची! ते नुसते हसायचे.

चाकं सरळ करून ती घरी आली. दवाखान्यात जायला निघालेली आई फुटपाथवर उभी होती. लेकीने गाडी फुटपाथपासून हातभर लांब, व्यवस्थित लावली. आईने दार उघडलं आणि ती गुडघा धरून तिथेच थांबली.

“तुझे बाबा अगदी चिकटवून लावायचे गं. मला खाली उतरावं लागायचं नाही.”

लेकीने गाडी मागे घेतली आणि नुकतंच सरळ केलेलं डावं चाक फुटपाथला टेकवलं.