उकंडरावी

सुमनबाईंनी इस्त्रीचा सफारी पुढं धरला, तसे उकंडराव सर म्हणाले, "हा न्हाई. कोट काढ."

"एवढ्या उन्हात?"

"रोज रोज कुणाचं नाव झाडाला लागतं का?"

बातमी खरी होती. सरांची जुनी विद्यार्थिनी निलम राठोड हिला आफ्रिकेत, कॅमेरूनच्या डोंगरातल्या रानात, आजवर कुणालाच ठाऊक नसलेली वनस्पती सापडली होती. जगात तिची मोजकीच रोपं उरली होती. तिच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द निलमनं सरांच्या नावावरून बेतला होता : उकंडरावी. पेपरात फक्त फुलाचा फोटो आला होता. सोनेरी, घंटेसारखं फूल. सरांनी तो स्टुडिओतून मोठा करून बैठकीत लावला आणि येईल त्याला दाखवला.

निलम कळमनुरीकडच्या तांड्यावरची. त्र्याण्णव साली ती हिंगोलीच्या कॉलेजात आली. कयाधूच्या काठानं, माळरानानं हिंडून तिनं झाडं गोळा केली, वाळवली, एकेकाची ओळख पटवली. त्यातूनच सरांचं पुस्तक निघालं आणि सर विभागप्रमुख झाले. पुस्तकावर नाव सरांचं एकट्याचं होतं; पण पहिली प्रत त्यांनी सही करून निलमला दिली होती. हे ते अजूनही कौतुकानं सांगत.

"इतक्या वर्षांनी आठवण ठेवली पोरीनं," कोटाची गुंडी लावत सर म्हणाले.

"व्हय," सुमनबाई म्हणाल्या. "ती काहीच विसरली न्हाई."

निलमच्या सत्काराला कॉलेजचं सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत निलमची आई पारुबाई बसली होती. सरांनी मुद्दाम जाऊन तिला नमस्कार केला.

"तुमची लेक आमी घडवली, बरं का!"

पारुबाई नुसती हसली.

सर बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता. "पुतळ्यावर कावळे बसतात. माझं नाव जिवंत रोपाला लागलंय. मास्तराला याहून काय पाहिजे?"

टाळ्या थांबेनात. निलम उठली आणि सरांच्या पाया पडली. सरांनी रुमालानं डोळे टिपले.

मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, ती वनस्पती असते कशी?"

निलमनं माइक जवळ ओढला. "दाट रानात, पाचोळ्यात उगवते. वीतभरच. पण फूल असं देखणं, की बघणाऱ्याचं लक्ष दुसरीकडं जातच न्हाई."

सरांनी मान ताठ केली.

"ती वाचवायची तर आधी भोवतालची मोठी झाडं वाचवावी लागतात. ती तुटली, की हीपण मरते."

"अन् तिला सरांचंच नाव काहून दिलं?"

सभागृहात हशा पिकला. सरही मोकळेपणानं हसले आणि ऐकायला पुढं वाकले.

निलमनं एकवार त्यांच्याकडं बघितलं.

"तिला पानं न्हाईत," ती शांतपणे म्हणाली. "स्वतःचं अन्न ती करतच न्हाई. शेजारच्या झाडाच्या मुळात मूळ घुसवते, त्यानं कमावलेलं सगळं ओढून घेते, आणि वर येऊन एकटीच फुलते."