बारशाचं बोलावणं

निलेशने आईला गावचं आशाताईचं काम सोडायला लावून चारकोपला आणलं, तेव्हा त्याला स्वतःचं फार कौतुक वाटलं. "उन्हातान्हात घरोघर बाळांची वजनं करत फिरायचीस. मिळायचं काय गं तुला त्यात?" तो विचारायचा. शेवंतीबाई नुसत्या हसायच्या. इथे आई सुखात आहे, हे त्याने तिला न विचारताच ठरवून टाकलं होतं.

रविवारी वरच्या मजल्यावरच्या काकू नातवाच्या बारशाचं बोलावणं करायला आल्या. त्यांनी निलेशच्या बायकोला, अक्षताला, कुंकू लावलं. "लवकर ये हं, पाळणा म्हणायला," असं बजावलं. मग शेवंतीबाईंच्या मोकळ्या कपाळाकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही आराम करा, मावशी."

दार लागताच निलेश भडकला. "कुणीच जायचं नाही आपण! आई, गावात तरी असं नव्हतं ना गं?"

"होतं की. तुझे बाबा गेले तेव्हापासून एकही बारसं बघितलं नव्हतं मी," शेवंतीबाई म्हणाल्या. "मग आशाताई झाले, आणि त्याच घरांतल्या बायका आपणहून बाळ माझ्या मांडीवर द्यायला लागल्या रे."